तारकेतूचे रिकामे फुगे

१९९४ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या हिवाळ्यात फरीदाबादवर असं धुकं उतरलं होतं की समोरच्या गच्चीवरची नवीकोरी डिश अँटेना दुपारपर्यंत दिसायचीच नाही, आणि दिसली की हवेत तरंगणाऱ्या थाळीसारखी दिसायची. अशाच एका सकाळी कल्पनानं मटार सोलता सोलता मदान प्रकाशनाचं खाकी पाकीट उघडलं आणि आतले जाड कागद डायनिंग टेबलावर पसरले. चित्रं सगळी होती. काळ्या चंद्रावर अंतराळयानांचा खच पडला होता, तारकेतू ओरडत होता, त्याचे दात आणि गळ्याच्या शिरासुद्धा दिसत होत्या. पण सोबतचे टाइप केलेले संवाद नव्हते. तिनं पाकीट उलटं करून झटकलं. एक टाचणी पडली. तारकेतूच्या तोंडापाशी पांढराशुभ्र फुगा, अंधकराज बोट रोखून काहीतरी फर्मावत होता तिथे फुगा, मरणाऱ्या सैनिकाच्या ओठांपाशी इवलासा फुगा, आणि सगळे रिकामे. टीव्हीचा आवाज बंद करून भांडण बघावं, तसं अख्खं आकाश तोंड उघडून बसलं होतं.

त्या फुग्यांत अक्षरं भरणं हे तिचं काम. "आमच्याकडे फुगे भरण्याचा कारखाना आहे," असं तिचा नवरा दीनानाथ आल्या-गेल्याला सांगायचा. चित्रकार मेरठला बसून चित्रं काढायचा, लेखक शुक्लाजी दिल्लीत बसून संवाद लिहायचे, आणि फरीदाबादच्या सेक्टरात बसून कल्पना ते संवाद निबेनं फुग्यांत उतरवायची. पुस्तकाच्या आतल्या पानावर खाली बारीक टाइपात 'सुलेख: कल्पना' असं छापलेलं असायचं. ते वाचायला वल्लरी, तिची चौदा वर्षांची लेक, भिंग आणायची आणि म्हणायची, "आई, तू मुंगी आहेस."

तिनं मदानना फोन लावला.

"मदानजी, पन्ने आ गए, स्क्रिप्ट नहीं आई."

"आएगी भी नहीं, भाभीजी. शुक्लाजी गए."

"गए?" तिच्या डोळ्यांपुढे एकदम निगमबोध घाटावरचं स्मशान आलं. "कब?"

"कल रात की गाड़ी से. बंबई. सीरियलवालों ने उठा लिया." मदान खोकत खोकत हसले. "अब आप ही भरिए."

"मैं?"

"और कौन? दो साल से आपके ही हाथ से तो बोल रहा है लड़का. पुस्तक मेला सिर पर है, सारे हिस्से एक जिल्द में निकालने हैं. आखिरी हिस्से के बिना क्या निकालूँ, ठेंगा? तस्वीरें बनी हुई हैं, बस बुलवा दीजिए. अच्छा बना तो लेखक में नाम आपका, पूरे कवर पर. परसों सुबह मैं खुद आऊँगा लेने."

तिनं रिसीव्हर ठेवला. ती उगीचच स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली. मटाराचे दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. लेखक. कवरवर. कानशिलं अशी तापली की खिडकीच्या गार काचेला गाल टेकवून उभी राहिली, आणि काचेवर तिच्या श्वासाचा एक गोल ढग उमटला, तोही फुग्यासारखाच. तिला हसू फुटलं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं एकटीनं असं खिदळणं बरं नव्हे असं मनात आलं, आणि त्यामुळे अजूनच हसू आलं.

तारकेतू तिला पाठ होता. निळ्या ग्रहावर जन्मलेला आणि पाळण्यातून पळवून नेऊन अंधकराजाच्या काळ्या चंद्रावर वाढवलेला. त्याच्या उजव्या हातातून उजेड निघे. डाव्या हातात अंधकराजानं लहानपणी चढवलेला काळा हातमोजा होता, तो काही केल्या निघत नसे, आणि तो बोलायचा. तारकेतू बोलला की चित्रकार गोल फुगा काढी, हातमोजा बोलला की काटेरी कडेचा. पाच भाग हे दोघं भांडत आले होते. आता हा शेवटचा भाग, आणि मग सगळ्यांची मिळून एक जाडजूड पुस्तकाची वीट निघणार होती. शुक्लाजींचं एक होतं, त्यांचे सगळेच रामलीलेच्या व्यासपीठावरून बोलायचे. हातमोजाही "ठहर, मूर्ख!" म्हणायचा आणि तारकेतूही "ठहर, दुष्ट!" म्हणायचा. निब शाईत बुडवताना कल्पनाच्या मनात नेहमी यायचं, स्वतःशी कुणी असं भांडतं का? माणूस स्वतःला 'दुष्ट' म्हणतो का कधी? पण तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी, भालचंद्रांनी, तिला करोलबागेतल्या दोन खोल्यांत बोरूनं अक्षर गिरवायला शिकवलं होतं. दिवसा केंद्र सरकारच्या कचेरीत फायली, संध्याकाळी मंडळाच्या गणपतीचे फलक, अशी त्यांची हयात गेली. ते म्हणायचे, "अक्षर असं काढावं कल्पे, की वाचणाऱ्याला लिहिणारा दिसता कामा नये." ती इतकी चांगली शिकली की खरंच कुणाला दिसेनाशी झाली. मदाननी तिला शोधलं तेही तसंच. महाराष्ट्र मंडळाची गणपतीची पत्रिका त्यांच्या प्रेसमध्ये छापायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, हे कोणतं मशीन आहे?

संध्याकाळी मंडळातल्या वैजयंतीबाई तिळगुळाचे डबे घेऊन आल्या. मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या रणस्मारकाला जायची. तिथे भाऊसाहेब आणि विश्वासराव आणि नाव नसलेल्या हजारोंसाठी फुलं वाहायची, दोन भाषणं, मग ऊन पडेल तिथे बसून गूळपोळ्या. बस ठरवणं दीनानाथकडे होतं. तो पुण्याचा, ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर. कारखान्यात आता जपानी पाहुणे यायला लागल्यापासून तो रोज टाय लावायचा आणि रविवारी दुप्पट मराठी व्हायचा.

"मी उद्या येत नाहीये," कल्पना म्हणाली.

"म्हणजे?" वैजयंतीबाईंनी डबा अर्धा हवेत धरला. "बरं नाही का?"

"काम आलंय. मला लिहायचंय. शेवटचा भाग मीच लिहितेय."

"ते आकाशातल्या हाणामारीचं? अगं बाई, चाळिशी उलटली की बायका पोथीला लागतात."

"तीही लढाईच आहे, वैजयंतीताई."

"हिची आणि पानिपतची बरोबरी!" वैजयंतीबाई दीनानाथकडे वळल्या. "काय हो, तुम्ही काही बोलत नाही?"

"मी काय बोलणार? एक मराठा कमी पडल्यानं निकाल बदलला असता तर तेव्हाच बदलला असता." दीनानाथनं तिळाची वडी तोंडात टाकली. "लिहू दे तिला. नाव येणार आहे म्हणे कवरवर. आपलं नाव तर कारखान्याच्या पंख्यावरसुद्धा नाही."

"यार बाबा, मी पण नाही येत," वल्लरी म्हणाली. "दर वर्षी तेच. सगळे सॅड फेस करून पोळ्या खातात."

"तू येणार. बिल्कुल येणार."

"मग मी ब्लॅक नाही घालणार. स्टॉपवर सगळे विचारतात, किसकी डेथ हुई है?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बसचा भोंगा वाजला, दोघं गेले, आणि घर रिकामं झालं. कल्पनानं संक्रांत म्हणून काळी चंद्रकळा नेसली, गच्चीवर सतरंजी टाकली, पाट पुढ्यात घेतला, त्यावर पहिलं पान. धुक्यामागून सूर्य चांदीच्या रुपयासारखा वर येत होता. मागं अजून मोहरीची शेतं होती, पिवळी, आणि शेतांच्या मधोमध बिल्डरनं उभारलेली पाटी होती: इथे स्वप्नांचं शहर होणार. गावात त्या दिवसांत सगळंच होणार होतं. रस्ता होणार होता, पाणी येणार होतं, विदेशी कंपन्या येणार होत्या, केबलवाला गच्च्यांवरून तारा ओढत फिरायचा आणि म्हणायचा, दीदी, अब पूरी दुनिया आपके घर में. कल्पनाला वाटायचं, पूरी दुनिया माझ्या घरात आली तर मी कुठे बसू? पण त्या सकाळी तिला जागाच जागा वाटत होती. पहिला गोल फुगा तिनं जरा शुक्लाजींची आठवण ठेवून भरला: "मैं निर्दोषों पर हाथ नहीं उठाऊँगा!" बरं झालं. शेजारी काटेरी फुगा वाट बघत होता. तिनं निब बुडवली, आणि हातमोजा स्वतःच बोलला: "हो का? फार शहाणा! आणि इतकी वर्षं कुणाच्या जिवावर जगलास?"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मग हात थांबेना. एरवी ती आधी पेन्सिलीनं रेषा आखायची, शब्द मोजायची, फुग्यात बसतील का ते बघायची; आज शब्द येताना फुग्याचं माप घेऊनच येत होते. तारकेतू म्हणाला, "मैं अपने लोगों के पास लौट जाऊँगा." हातमोजा म्हणाला, "कोणते रे तुझे लोक? जन्म दिला ते, की वाढवलं ते? हे तुला पाहुणा म्हणतात आणि ते तुला परका." हे लिहून झाल्यावर ती जरा वेळ निब हवेत धरून बसली. लग्न होऊन पहिल्यांदा पुण्याला गेली तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, आमची सून दिल्लीची आहे हो, पण मराठी छान बोलते. आणि करोलबागेत तिच्याच गल्लीत जन्मापासून सगळे तिला 'वो बंबईवालों की लड़की' म्हणत आले, मुंबई तिनं बापजन्मी पाहिली नव्हती तरी. तिला राग आला नव्हता कधी. की आला होता? राग कुठे जातो, येऊन न दाखवलेला? तिला आई आठवली. दिल्लीच्या बसमध्ये आई एक हात वरच्या दांडीला धरून, चारचौघांकडे बघून गोड हसत, दुसऱ्या हातानं तिच्या दंडाला कचकन चिमटा काढायची आणि तसंच हसत म्हणायची, "घरी चल, मग बघते तुला." बसमधल्या सरदारणी कौतुकानं मान डोलवायच्या, कितनी प्यारी मम्मी है. कल्पनाचे डोळे पाण्यानं भरायचे, पण तीही हसायची. वडील-आईचं भांडण तर त्याहून गमतीचं, भिंतीपलीकडे पंजाबी शेजारी, त्यामुळे भांडणसुद्धा ते अभंग म्हटल्यासारखं एका लयीत करायचे. आजवर जेवढं म्हणून तिनं गिळलं होतं, ते सगळं या काटेरी फुग्यांच्या रांगेत येऊन उभं राहत होतं, आपला नंबर कधी लागतो म्हणून. "दुसऱ्याचं किती दिवस गिरवणार? स्वतःचं काही आहे की नाही?" हातमोजा विचारत होता, आणि तारकेतू मोडक्या यानांच्या ढिगावर उभा राहून नुसता दात खात होता. बरोबरच होतं, त्याला उत्तर कुठून येणार? अंधकराजाचं सैन्य चालून आलं तेव्हा हातमोज्यानं त्याला "थोबाड आवर आणि लढ!" असं दरडावलं. निळ्या ग्रहाचा सेनापती पाय धरायला आला तेव्हा तो म्हणाला, "आता बरे आले!" आणि ऐन युद्धात, जिथे चित्रकारानं डावा हात पानभर मोठा काढला होता, तिथे हातमोज्यानं लाख वर्षांच्या रागानं म्हटलं, "घरी चल, मग बघते तुला!" कल्पना एकटीच मोठ्यानं हसली, मग तिला रडू आलं, मग भूक लागली. तिनं उभ्याउभ्या एक गूळपोळी खाल्ली, तुपाचे हात काळ्या पदराला पुसले आणि पुन्हा बसली. शेवटच्या पानावर तारकेतू हातमोजा ओढून काढून दरीत फेकत नाही ना, हे तिनं तीनदा निरखून पाहिलं. नाही, चित्रकारानं त्याला चंद्राच्या कडेवर बसवलं होतं, दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून तो त्यांच्याकडे बघत होता, आणि शेवटच्या चौकटीत तो पाठमोरा चालला होता. कुठे, ते चित्रात नव्हतं. तिथे तिला काही सुचेना. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं त्या पानावरचे आधीचे दोन फुगे कोरेच ठेवून शेवटच्यात घाईनं लिहून टाकलं, "सत्य की विजय हुई," आणि शाई वाळायला पानं कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावली.

संध्याकाळी दोघं परत आले, केसांत धूळ, खिशांत तीळ. वल्लरी बूट न काढता दोरीपाशी गेली आणि पान पान वाचत सुटली. कल्पना चहाचं आधण ठेवून कान तिकडे लावून उभी होती. तिकडून हसण्याचा आवाज आला. मग, "आई! हा मराठीत का बोलतोय?"

"कोण?"

"अगं, ग्लव्ह! सगळं मराठी आहे! 'फार शहाणा' काय, 'थोबाड' काय... थोबाड म्हणजे फेस ना? आणि 'बघते' म्हणतोय! ग्लव्ह लेडीज आहे?"

कल्पना धावत गेली. एक पान, दुसरं पान. गोल फुगे सगळे हिंदी. काटेरी फुगे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळे मराठी. लिपी एकच, त्यामुळे हाताला कळलंच नव्हतं. दिवसभर डोक्यात एक दार उघडायचं, एक मिटायचं, आणि आपण उंबरा ओलांडतोय हे तिच्या गावीच नव्हतं. दीनानाथनं पानं पाहिली, आणि टाय सैल करता करता त्याला असं हसू आलं की त्याला ठसका लागला. "अरे, आम्ही पानिपतावर फुलं वाहतोय, आणि मराठे केव्हाच चंद्रावर पोचलेत!"

"हसू नका हो. मूळ चित्रं आहेत ती! सकाळी मदान येणार." तिनं दोरीवरची उरलेली पानं उतरवली. "नाव गेलं माझं. लेखक म्हणे! फुगे भरायचीच माझी लायकी."

दीनानाथचं हसू थांबलं. त्यानं पांढऱ्या रंगाची बाटली तिच्यापुढे ठेवली. "चिप्प्या लाव. हिंदी कर. मी कागद कापून देतो."

तिनं एक चिप्पी करून पाहिली. 'घर चल, फिर देखती हूँ तुझे.' फुग्यात नीट बसलं. पण त्यातून चिमटा गेला होता, बस गेली होती, ते हसूही गेलं होतं. उरला होता एक हातमोजा, कुणाला तरी नुसता घरी बोलावणारा. तिनं दुसरी केली, तिसरी केली. प्रत्येक चिप्पीसरशी हातमोजा शुक्लाजींचा होत गेला. सकाळी मदान आपल्या मारुती व्हॅनमधून आले तेव्हा बहुतेक काटेरी फुगे अजून तसेच होते, आणि ती टेबलाशी हात काळेपांढरे करून बसली होती.

"भाभीजी, लाइए," म्हणत मदाननी उभ्यानंच पहिलं पान उचललं. लठ्ठ, ठेंगणा माणूस, थंडीची माकडटोपी घातलेला. वाचता वाचता त्यांनी टोपी काढली. दुसरं पान. तिसरं. कल्पनाच्या छातीत कारखाना सुरू झाला होता.

"मदानजी, वो मैं—"

"चुप," मदान म्हणाले, आणि वाचत राहिले. मग पान खाली ठेवून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "यह काले चाँद की बोली है? आपने बनाई?"

वल्लरीनं तोंडात ओढणी कोंबली. दीनानाथ छताकडे बघू लागला.

"आधी समझ में आती है, आधी नहीं," मदान स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "'फार शहाणा'... कुछ डाँट रहा है, पता लगता है. 'थोबाड'... वाह! बच्चा डरेगा भी, हँसेगा भी, और गली में जाकर यही बोलेगा. शुक्ला सात जनम में न करता. यह चिप्पियाँ किसलिए? उखाड़िए इन्हें! और आखिर में जब बुराई मरती है, तो बोली भी मर जाती है. बस शुद्ध हिंदी. सत्य की विजय! भाभीजी, कमाल."

आनंद असा आला की तिला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि ती उठलीही. हातात हवं ते सगळं होतं: नाव, कवर, कमाल. चूक कुणाला कळणार नव्हती. तिची चूकच तिची हुशारी ठरली होती. आणि उठता उठताच काहीतरी खुपलं. बुराई मरती है, तो बोली भी मर जाती है. वडील बोरू तासत होते. आई बसमध्ये हसत होती. करोलबागेतल्या त्या दोन खोल्या, तो अभंगाच्या लयीतला राग, आणि त्याच खोल्यांत तापात कपाळावर ठेवलेला हात, तोही त्याच बोलीतला. लखनौपासून पाटण्यापर्यंतची पोरं हे वाचणार, आणि त्यांना कायमचं ठाऊक होणार की राक्षस असे बोलतात. ती गप्प बसली असती तर काहीच बिघडलं नसतं. दोन वर्षं गप्पच तर बसली होती.

"मदानजी," ती म्हणाली, "यह काले चाँद की बोली नहीं है. मराठी है. गलती से हो गई."

मदाननी पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाले, "तो? पढ़नेवालों को कौन बताएगा?"

"मैं बताऊँगी. आखिरी पन्ने पर." तिनं ते पान पुढं ओढलं. "बैठिए. चाय पीजिए."

"भाभीजी, प्रेस खड़ी है!"

"उभी राहू दे," ती मराठीत म्हणाली, आणि मदानना ते अचूक समजलं, कारण ते बसले.

तिनं 'सत्य की विजय'वर चिप्पी लावली. वल्लरीनं पंख्याखाली धरून ती वाळवली. टेबलाभोवती तिघं जमले होते, बाहेर धुक्यात भाजीवाला मटार-मटार ओरडत होता. कुणी बघत असताना तिनं कधी लिहिलं नव्हतं. कोऱ्या काटेरी फुग्यात तिनं लिहिलं: "मग? मला इथेच टाकून जाणार?" आणि शेजारच्या गोल फुग्यात, जिथे तारकेतू पाच भाग आणि आणखी एवढी पानं फक्त हिंदी बोलत आला होता, तिथे तिच्या हातानं, या वेळी पूर्ण जागेपणी, लिहिलं: "वेडा आहेस का? तुझ्याशिवाय मी भांडू कुणाशी?" पाठमोऱ्या चौकटीतल्या फुग्यात फक्त एवढंच: "चल, घरी जाऊ."

मदाननी बोट ठेवून ठेवून वाचलं. "यह... हीरो भी वही बोल रहा है?"

"उसकी माँ की बोली है. दोनों हाथों की एक ही माँ थी. राग भी उसी में, प्यार भी उसी में."

"तो जीता कौन? अच्छा कि बुरा?"

"कोई नहीं मरा."

"भाभीजी, काला हाथ काला ही रहा!"

"हमारे यहाँ त्योहार पर काला पहनते हैं," कल्पना म्हणाली. कालची चंद्रकळा अजून खुर्चीच्या पाठीवर होती. मदाननी त्या साडीकडे पाहिलं, तिच्यावरून हात फिरवून पाहावासा वाटला असावा, पण फिरवला नाही.

"बच्चों ने किताब लौटा दी तो?"

"तो नाम मेरा है ना कवर पर. गाली भी मुझे ही पड़ेगी."

मदाननी माकडटोपी घातली, पानं पाकिटात भरली, दारापर्यंत गेले आणि वळून दीनानाथला म्हणाले, "साहब, असली तारकेतु तो आपके घर में है, दोनों हाथों समेत." मग व्हॅन धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली, पण तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

फेब्रुवारीत प्रगती मैदानावरच्या मेळ्यात ते पुस्तक आलं. कल्पना दीनानाथसोबत दुरून, एका खांबाआडून बघत होती. जवळ जायची तिला छाती होईना. कवरवर तारकेतू दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या पायाशी, मुंगीच्या नव्हे, चांगल्या बोटभर अक्षरांत तिचं नाव होतं, तिच्याच अक्षरात. पटका बांधलेला एक लहानगा सरदार आपल्या भावाला पुस्तकानं बडवत होता आणि किंचाळत होता, "फार शहाणा! फार शहाणा!" भाऊ म्हणाला, "थोबाड!" त्यांची आई धावत आली आणि विचारू लागली, ये कौन सी गंदी भाषा सीखी है? तेव्हा तो लहानगा पान उलटून, छाती काढून म्हणाला, "गंदी नहीं है मम्मी, हीरो की है. देखो." कल्पनानं खांबाला घट्ट धरलं. आपण आता जोरात ओरडणार, असं तिला वाटलं. ती ओरडली नाही, पण दीनानाथचा दंड तिनं इतका आवळला की तो म्हणाला, "अगं, चिमटे कसले काढतेस?"

पुढं कुणाचं काय झालं ते सांगायला हवं. पुस्तक खपलं, फार नव्हे, पण मदानना दुसरी आवृत्ती काढावी लागली, आणि कल्पनानं त्यांच्यासाठी आणखी बऱ्याच गोष्टी लिहिल्या. मग केबलच्या तारांनी पोरांना घराघरांत बांधून घातलं. मदाननी कॉमिक्स बंद करून लग्नपत्रिका छापायला घेतल्या, त्यात ते गब्बर झाले, आणि शेवटपर्यंत दर दिवाळीला फोन करून आधी "फार शहाणा" म्हणायचे. शुक्लाजी मुंबईहून चार वर्षांनी परत आले, आणि तारकेतूचा शेवट त्यांना पसंत पडला नाही. वैजयंतीबाईंनी मंडळाच्या बैठकीत 'राक्षसाच्या तोंडी मायबोली' असा निषेधाचा ठराव मांडला. शेवटचं पान वाचून दाखवल्यावर त्यांनी तो मागे घेतला, पण कल्पनाशी दोन संक्रांती बोलल्या नाहीत. आता त्या नातवाकडे पुण्यात असतात आणि तिथल्यांना दिल्लीच्या थंडीचे गोडवे सांगतात. दीनानाथच्या कारखान्यातून जपानी गेले, मग कोरियन आले; तो निवृत्त झाला, आणि एका मार्चमध्ये, वर्तमानपत्र वाचता वाचता, गेला. वल्लरी गुडगावात परदेशी मालिकांची भाषांतरं करते. कुठला शब्द अडला की आईला फोन लावते, आणि हिंदीत विचारते.

कल्पना द्वारकेत एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. विमानं इतकी खालून जातात की कपबशा वाजतात. अलीकडे तिनं चित्रं काढायला घेतली आहेत. तिला चित्र येत नाही, नाक काढलं की तो मनुष्य आंबा दिसतो. म्हणून ती आधी फुगा काढते, त्यात तिला हवं ते लिहिते, मोठ्यानं वाचून बघते, आणि मग त्या फुग्याखाली कोण येऊन उभं राहतंय, ते बघत बसते.